कवडूजींच्या मागं पहिल्या गेअरमध्ये

माझ्या बाबांचं ब्लडप्रेशर उतरलं आणि त्यांचं ड्रायव्हरकीचं लायसन वाचलं. हे वाक्य विसरा. ते इतकं सरळ झालेलंच नाही.

झालं ते असं. बाबा, म्हणजे कवडूजी ड्रायव्हर, मालक भैय्याजींच्या सौंसर-पांढुर्णा बसवर बावीस वर्षं बसून आहेत. शब्दशः बसून. १९८६ च्या मार्चात लायसन रिन्यू करायच्या सर्टिफिकेटसाठी डॉक्टरांकडे गेले, तर पारा एकशे सत्तरावर जाऊन उभा राहिला.

"सर्टिफिकेट देत नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन महिने अळणी खा आणि रोज चाळीस मिनिटं झपाझप चाला. चालल्यानं हृदय मजबूत होते, झोप लागते, पोट उतरते. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग पाहिजे."

बाबा बसूनही गाणं म्हणत नाहीत. तेव्हा वेग मोजायचा कसा, ही चर्चा घरात तीन दिवस चालली. बाबा चालले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला आईनं त्यांना दाराबाहेर काढलं. परत आले दुपारी एकला.

"फिरायले गेले होते का वरातीले?" आईनं विचारलं.

"पांढुर्ण्याले," बाबा म्हणाले. शर्टाला आलुबोंड्याचा वास होता.

आमच्या लाइनीत नियम आहे. पायी चाललेला ड्रायव्हर दिसला की गाडी थांबवायची, कारण पायी चाललेला ड्रायव्हर म्हणजे मागं कुठं तरी बंद पडलेली गाडी. त्याला सोडून पुढं जाणं म्हणजे बेइज्जती. सहाची बस वामन चालवत होता. त्याला स्टिअरिंग धरायला बाबांनीच शिकवलं. त्यानं बाबांना उचलून बोनेटजवळ बसवलं. एकूण चालणं झालं, दीड फर्लांग.

दुसऱ्या दिवसापासून आईनं मला पहाऱ्यावर धाडलं. बस थांबलीच.

"बसा न जी, कवडूभाऊ!"

"मी व्यायाम करून राहिलो, वामन."

"मंग गाडीत बसून करा!"

खिडकीतून कोणीतरी हळहळलं, "नोकरी गेली वाटते बिचाऱ्याची."

आठवडाभर हेच. मी हात जोडले, ओरडलो, एकदा रस्त्यात आडवाही झालो. वामननं मलाही उचलून आत टाकलं. शेवटी बाबांनीच शपथ घातली, तेव्हा वामननं मधला मार्ग काढला. उस्तादाला मागं टाकायचं नाही, आणि उचलायचंही नाही. बस बाबांच्या मागं पहिल्या गेअरमध्ये चालू लागली.

वीस मिनिटांत प्रवासी कंटाळले आणि उतरून चालू लागले, कारण तेच लवकर पोचत होते. नर्सबाई प्रेमलता डोक्यावर पेटी घेऊन आमच्या शेजारून सरळ पुढं निघून गेल्या.

बावीस वर्षांत या रस्त्यावर बाबांना कोणी ओव्हरटेक केलेलं नव्हतं.

"बाजू द्या, बाई," बाबा म्हणाले आणि सुटले. पाठोपाठ मी, माझ्या मागं चाळीस प्रवासी, त्यांच्या मागं रिकामी बस. बाबांना घाम फुटला, बोलता येत होतं, गाणं शक्यच नव्हतं. मला तर बोलताही येत नव्हतं. बाई मात्र पुढंच.

"ही बाई काय खाते रे?" बाबा धापा टाकत म्हणाले.

"ते सोडा. रोज चालते," मागून एक प्रवासी म्हणाला.

हे दोन महिने चाललं. बाबा गाढ झोपू लागले, पट्टा दोन भोकं आत गेला, आणि मे महिन्यात पारा एकशे अडतीसवर थांबला. डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं, पण सहाच महिन्यांचं. "चालणं सुटलं की पारा परत चढेल," म्हणाले.

भैय्याजींनी खुश होऊन त्याच दिवशी बाबांना त्यांची जुनी ड्यूटी परत दिली. सकाळी सहाची. बसून. आता ते चालणार कधी? मी विचारलं तर भैय्याजी म्हणाले, "लेखी दे." म्हणून लेखी देतो:

प्रति, मालक साहेब. उपरोक्त कारणास्तव सादर विनंती की, सहाच्या गाडीचे चालक श्री. कवडूजी यांना पहिली चाळीस मिनिटे सदर गाडीच्या पुढे पायी चालण्याची कायम परवानगी असावी, त्या अवधीत गाडी अन्य चालकाने पहिल्या गेअरमध्ये आणावी, प्रवाशांनी तिकीट काढून सोबत चालावे, आणि श्री. कवडूजी यांच्यापुढे रोज किमान एक महिला प्रवासी राहील, याची व्यवस्था कार्यालयाने करावी.