गुडघ्यावरची डोकी

आमच्या घरात पगडी गुडघ्यावर जन्माला यायची. माझे यजमान मालोजीराव दरबाराचे पगडबंद. उजवा गुडघा उभा करून बसायचे, ओलसर कापडाला पीळ देत देत त्या गुडघ्याभोवती फेर घालायचे, आणि दिवे लागेपर्यंत तिथे कुणाचं तरी डोकं दिसायला लागायचं. लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला वाटायचं, आता या पगडीखाली डोळे उघडतील आणि हा माणूस माझ्याकडे पाणी मागेल.

मग इंदूर संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं. मानकरी घरी बसले. पगड्या खुंटीवर गेल्या आणि डोक्यांवर टोप्या आल्या. टोपीला पगडबंद लागत नाही. यजमानांना गिरणीच्या फाटकावर चौकीदाराची जागा मिळत होती. ते नाही म्हणाले नाहीत, याचीच मला भीती वाटली. दिवसभर उपरण्याचं टोक पिळायचे, सोडायचे, पुन्हा पिळायचे. काठी घेऊन हा माणूस फाटकात उभा राहिला की हे हात हळूहळू सगळं विसरतील, असं मनात यायचं.

जुन्या इंदुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी लक्ष्मीकांत यांचं कापडाचं दुकान होतं. पगडीचं कापड त्यांच्याकडूनच यायचं. यजमानांना ते 'भिया' म्हणायचे, म्हणजे भाऊ. एक दिवस ते स्वतःच घरी आले.

"वहिनीजी, दरबार गेला म्हणून काय लग्नं बंद झाली? एरवी टोपी चालते, पण नवरदेवाला पगडीच पाहिजे. उज्जैन, देवासहून वऱ्हाडं सकाळी उतरतात, संध्याकाळी मुहूर्त. बांधून द्यायला टाइम कुठे? तयार पगड्या ठेवा. माझी पुढची खोली खालीच पडली आहे. ही लगनसराई बघू. चाललं तर बढिया, नाही तर भिया जातील फाटकावर."

यजमान म्हणाले, "ज्याचं डोकं पाहिलं नाही, त्याची पगडी कशी बांधू?"

"अहो, खजरान्याच्या गणपतीचा मुकुट करणारा काय माप घ्यायला बसला होता?" मी म्हटलं.

"गणपतीचं डोकं एकदाच बदललं, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. या नवरदेवांचं तसं नाही."

लक्ष्मीकांत हसले. "भिया, तुमची सारी अक्कल गुडघ्यात."

"तिथेच आहे," यजमान म्हणाले. "म्हणून तर जपतो."

तरी खोली घेतली. मी ती सारवली, फळ्या लावल्या. रंगवलेली कापडं समोरासमोरच्या गच्च्यांना बांधून गल्लीवर वाळत घातली. दुपारी ऊन त्यांतून गाळून खाली यायचं आणि येणारीजाणारी माणसं गुलाली होऊन जायची, जणू सगळी गल्ली कुठल्यातरी वरातीला निघाली आहे. पण फळ्या रिकाम्याच. गिऱ्हाईक डोकावायचं, विचारायचं आणि पुढे जायचं.

अशाच एका दुपारी यजमान डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, डुलकी लागली.

"झोपलात का?"

"नाही. प्रतापराव रिसालदार आलेत."

दरबारच्या घोडदळातले ते प्रतापराव जाऊन तीन पावसाळे झाले होते. मी दाराकडे पाहिलं. दारात फक्त तो गुलाली उजेड हलत होता. यजमानांचा गुडघा मात्र उभा राहिला होता आणि हात चालू झाले होते. मिटल्या डोळ्यांनी ते बोलत होते. "मागे चपटं. उजव्या कानावर घोड्यावरून पडल्याचा उंचवटा. तिथे फेर सैल पाहिजे, नाही तर दुखतं म्हणायचे." दिवेलागणीला पगडी तयार झाली. ती फळीवर ठेवून ते म्हणाले, "हे डोकं मी पाहिलेलं आहे." म्हणजे वाद मिटला.

दुसऱ्या दिवशी तोफखान्याचे उदयसिंह आले. मग हत्तीखान्याचे कृष्णराव, त्यांचं डोकं कलिंगडाएवढं. यजमानांनी कुणाला बोलवायचं, कुणी कधी यायचं, ते मला कळत नसे. मी बाजूला बसून कापड ओलं करून द्यायची आणि ऐकायची. कुणी मान तिरकी ठेवायचा, कुणी पगडी घातली की उगाच खोकायचा. फळ्या भरत गेल्या. संध्याकाळी खोलीचं दार लोटताना आत कुणीतरी घसा साफ केल्यासारखं वाटायचं.

कुठली पगडी कुणाची, ते माझ्या ध्यानात राहीना. यजमानांना अक्षर येत नव्हतं, मलाही नाही. शेजारी कुमुदिनीबाई राहायच्या, शाळेत मास्तरीण. त्यांच्याकडून मी अक्षरं शिकायला लागले. केस पिकायला लागल्यावर पाटी घेतली म्हणून गल्ली हसली, हसू दे. मी पहिला शब्द लिहिला तो 'प्रतापराव'. चिठ्ठी पगडीच्या आत टाचली. पुढची लिहिली 'उदेसिंग'. कुमुदिनीबाई म्हणाल्या, असं नसतं लिहीत. मी म्हटलं, त्यांना सगळे अशीच हाक मारायचे.

उज्जैनचा एक नवरदेव मामाबरोबर आला. कृष्णरावांची पगडी थेट नाकावर उतरली. मामा म्हणाला, "वा, आता मुलगी कशी का असेना, दिसणारच नाही." मग उदयसिंहांची घातली. ती अशी बसली की पोरगा हसायचाच थांबला. मान सरळ झाली, खांदे मागे गेले. तो गल्लीतून निघाला तसे यजमान दारात येऊन त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

"उदयसिंह असेच चालायचे," ते म्हणाले.

त्या महिन्यात दरबार एकेक करून लग्नांना निघून गेला. मला फार हलकं वाटत होतं. आणि एका दुपारी यजमानांनी गुडघा खाली टेकवला.

"संपली."

"काय संपलं? कापड आहे की."

"डोकी संपली. जेवढे आठवत होते तेवढे येऊन गेले."

"मग प्रतापरावांची आणखी एक बांधा."

"एका माणसाला दोन डोकी?" त्यांना माझा रागही आला नाही. ते नुसते उपरण्याचं टोक पिळायला लागले. लगनसराई अजून बाकी होती, फळीवर तीनच पगड्या होत्या, आणि मला गिरणीचा भोंगा रोजच्यापेक्षा जवळ ऐकू यायला लागला.

त्याच आठवड्यात कुमुदिनीबाई आपल्या धाकट्या भावाला घेऊन आल्या. श्रीपाद त्याचं नाव, सरकारी कचेरीत कारकून. जाड चष्मा, आणि डोकं काकडीसारखं उभट. तीनही पगड्या घालून पाहिल्या. एक टेकली, एक घसरली, एक नुसती डोक्यावर बसून राहिली, कावळा बसावा तशी.

"राहू द्या काकू," तो म्हणाला. "ताई आधीच म्हणत होती, मला पगडी नको, पिशवी शिवून घे."

"मी असं म्हटलं नव्हतं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "मनात आलं होतं."

यजमान उठले. त्याला चष्मा काढायला लावला आणि दोन्ही तळवे त्याच्या डोक्यावर ठेवले. बराच वेळ ते तसेच उभे होते. बाहेर कापडं हलत होती, उजेड भिंतीवरून पाण्यासारखा सरकत होता. श्रीपादनं डोळे मिटून घेतले होते, न्हाव्यापुढे मिटतात तसे.

"हे डोकं दरबारात नव्हतं," यजमान म्हणाले.

"कुठून असणार? आमचे आजोबा कचेरीत लिहायला होते. त्यांना दरबारात आत कोण सोडणार?"

"कोणीच सोडलं नाही," यजमान स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. मग खाली बसले आणि गुडघा उभा केला. "बाहेर किती राहिले असतील."

श्रीपादची पगडी त्यांनी डोळे उघडे ठेवून बांधली. तिच्या आत चिठ्ठी टाचायची नव्हती, तो ती घालूनच जाणार होता. पण दुसऱ्या दिवशी तसल्याच उभट डोक्यासाठी यजमानांनी आणखी एक बांधली. मी विचारलं, एका माणसाला दोन डोकी? ते म्हणाले, "त्याची त्यानं नेली. ही माझ्या आठवणीतली." मी 'श्रीपाद' लिहिलं. पुढच्या लगनसराईत एक बाई सरळ येऊन म्हणाली, "आमच्याकडे लांबट डोकं आहे, तुमच्याकडे श्रीपाद मिळतो म्हणे."

खोली आमच्याकडेच राहिली. फाटकावर मात्र यजमान गेलेच. काठी न घेता, रोज पाळी सुटायच्या वेळेला. भोंगा झाला की माणसं बाहेर येतात, कापसाचे तंतू केसांत अडकलेले, संध्याकाळच्या उन्हात प्रत्येकाच्या डोक्याभोवती उजेडाचं एक पातळ कडं. यजमान समोरच्या झाडाखाली उभे राहून बघत राहायचे. हात मागे बांधलेले, पण बोटं आतल्या आत चाललेली.

पहिल्या दिवशी परतले ते तडक बसले आणि गुडघा उभा केला.

"आज कोण?" मी विचारलं.

"नाव नाही विचारलं. विडी पेटवायला वाकला होता. पण डोकं, काय सांगू तुला."

"मग चिठ्ठीवर काय लिहू?"

त्यांनी कापडाला पहिला पीळ दिला. "लिही, फाटकावरचा."

तोवर मला 'फ' लिहायची वेळच आली नव्हती. पाटी उचलली आणि कुमुदिनीबाईंकडे गेले.