नरपडची बरणी कोचीला जाते

मित्रांनो, मी चिनी मातीची एक जुनी बरणी आहे. माझं पोट पांढरं, मान तपकिरी. आज मी डहाणूच्या एका दुकानात काचेच्या कपाटात बसले आहे. येणारेजाणारे माझं कौतुक करतात, पण ते माझ्याबद्दल जे ऐकतात ते खरं नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

मी गुजरातेतल्या एका भट्टीत भाजून निघाले. गवतात गुंडाळून इकडे आले. डहाणूजवळच्या नरपड गावच्या वेणूबाईंनी टोपलीभर सुके बोंबील देऊन मला घरी नेलं. त्या गेल्यावर मी त्यांच्या सुनेची, जमनाची झाले.

जमना माझ्यात सोड्यांचं लोणचं घाली. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. किनाऱ्यावरच्या उन्हात ती सोडे खडखडीत वाळवी, लसूण-मिरचीचं वाटण लावी, वर ताडीचा आंबट शिरका ओती आणि माझं तोंड फडक्यानं बांधून टाकी. मग तीन आठवडे मला कोणी हात लावायचा नाही. फडकं सुटलं की वास गल्लीभर जाई आणि शेजारपाजारच्या वाट्या आपसूक दारात येत.

त्या शेजारातच निलम नावाची सून आली. शिकलेली, बोलकी, इंग्रजी येणारी. जमनाला मूलबाळ नव्हतं, तिचा निलमवर जीव जडला. ऊन किती द्यायचं, मीठ बोटांना कसं कळतं, सगळं तिनं निलमला शेजारी बसवून शिकवलं. हातचं काही राखलं नाही.

मग एक दिवस निलमनं सांगितलं की कोचीला समुद्रकाठच्या बायकांचा मेळावा आहे, तिथं आपलं लोणचं न्यायचं. अर्ज तिनंच भरला होता. जमना कधी वलसाडच्या पलीकडे गेली नव्हती. जुन्या लुगड्यात गुंडाळून तिनं मला मांडीवर घेतलं, आणि दीड दिवसाच्या गाडीत एकदाही खाली ठेवलं नाही.

काय शहर होतं ते! पाण्यावर कोळीकिड्याच्या जाळ्यासारखी, मासे धरायची मोठाली चिनी जाळी वरखाली होत होती. एका रस्त्यावर देऊळ, पुढे मशीद, तिच्या पुढे चर्च, आणि सगळीकडे मिरी-सुंठीचा वास. कोणी मल्याळम बोले, कोणी तमिळ, कोणी कोकणी. जमना बघतच राहिली. आपल्या डहाणूच्या बाजाराचीच ही मोठी बहीण दिसते, असं ती निलमला म्हणाली.

मेळाव्यात आमच्या टेबलाभोवती गर्दी जमली. निलम माझ्या मानेवर हात ठेवून इंग्रजीत भराभर सांगे. लोक चाखत, डोळे मिटत, आणि निलमशी हात मिळवत. जमना मागच्या खुर्चीवर बसून हसत होती. पोरगी माझं किती छान सांगते, असंच तिला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी डोक्यावर टोपी घातलेले एक म्हातारे मसालेवाले आले. त्यांचे आजे-पणजे कच्छहून गलबतानं तिथं आलेले. निलम तेव्हा चहाला गेली होती. मासळी विकता विकता जमना गुजराती शिकली होती, ती तिथं कामी आली. शिरका कुठला, सोडे कुठले, दोघांचं बोलणं रंगलं. मग तिनं टेबलावर टांगलेल्या इंग्रजी पाटीकडे बोट दाखवून, माझं नाव नीट लिहिलंय ना, असं विचारलं.

म्हाताऱ्यांनी चष्मा सारखा केला. दोनदा वाचलं.

"बेन, आमां तो तमारुं नाम ज नथी," ते हळूच म्हणाले. ताई, यात तर तुमचं नावच नाही.

पाटीवर लिहिलं होतं, की हे लोणचं निलमच्या आजीचं, बरणीही त्या आजीचीच, आणि आता ते निलम बनवते. जमनाचा उल्लेख 'मदतीला आलेली बाई' एवढाच होता.

निलम परतली तेव्हा जमनानं आवाज चढवला नाही. असं का केलंस, एवढंच विचारलं.

"काकी, घरची आजी म्हटलं की लोकांना आवडतं," निलम खाली बघत म्हणाली. "आणि तुमचं नाव टाकून तरी काय झालं असतं? बोलायचं मलाच होतं ना."

शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर लोणचं करून दाखवायचं होतं. निलम चुकेल, असं मला वाटलं. ती चुकली नाही. मीठसुद्धा बोटांनीच घेतलं, अगदी जमनासारखं. तेव्हा मात्र जमनाचे डोळे भरले.

निघताना तिनं माझ्यातलं उरलेलं लोणचं डब्यात काढलं. मला पुसून कोरडं केलं आणि निलमच्या हातात दिलं.

"ही पण तुझ्याच आजीची ना? मग घेऊन जा."

निलम घेईल असं जमनाला वाटलं नसावं. पण तिनं मला घेतलं.

आता निलमचं दुकान आहे. लोणचं प्लास्टिकच्या डब्यांत विकलं जातं. मी कपाटात, साबणानं धुतलेली, रिकामी. जमना बाजाराच्या दिवशी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारावरून जाते, पण आत बघत नाही. निलमनं तिला फसवलं हे मला कळतं. पण रागाच्या भरात जमनानं मला कोणाच्या हाती सोपवलं, तेही मी विसरलेले नाही.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा, असं मी म्हणणार होते. पण मला तर रोज पुसतात. तुम्ही एवढंच करा. एखादा पदार्थ आवडला, तर फक्त वाढणाऱ्याला विचारून थांबू नका. मागच्या खुर्चीवर कोणी बसलं असेल, तर त्या बाईला तिच्या भाषेत तिचं नाव विचारा.