माझ्या मुठीची चिंधी

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे आणि आधीच सांगून टाकतो, स्वभावाने जळका आहे. लोहाराने मला साध्या पोलादातून घडवले आणि लाकडाची बारीक, चौकोनी मूठ बसवली.

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या एका बाईंनी मला निवडले. दुकानात त्यांनी पाच-सहा चाकू ओल्या वेतावर चालवून पाहिले. माझ्या पात्याने वेत असा सरळ चिरला की बाई खूश झाल्या. मूठ नीट धरून बघायचे त्यांच्या ध्यानातच आले नाही.

बावीस वर्षे मी त्यांच्या हातात होतो. ओल राहिली की मला गंज चढतो, म्हणून त्या मला रोज पुसून तेल लावत. मुठीला तर मऊ चिंधी गुंडाळत, मळली की नवी. असे लाड कुणाचे होतात? शेजारच्या कात्रीला मी हिंग लावूनही विचारत नसे.

मग त्यांच्या मुलीने नवा चाकू आणला. न गंजणारे पोलाद, फुगीर रबरी मूठ. बाई दिवसभर त्यालाच घेऊन बसू लागल्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सारखी धार लावावी लागे त्याला! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. खोक्यात पडून मी एवढेच समाधान मानत होतो, की त्याला चिंधी नव्हती. लाडका मीच.

एकदा खोके आवरताना मुलीने विचारले, हा टाकून देऊ का? बाई म्हणाल्या, पाते चांगले आहे, चालवून बघ. तिने चिंधी सोडली, वेताच्या दोन-तीन पट्ट्या काढल्या आणि हात झटकला.

"आई, किती रुतते ही मूठ! यानंच काम करायचीस तू?"

"म्हणून तर चिंधी बांधायचे."

मुलीने आईचा तळवा उघडून पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी जाड घट्टा होता.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"मीच निवडलेला ना. कुणाला सांगणार?"

मित्रांनो, ज्याला मी माया समजत होतो ते त्या हाताचे दुखणे होते. रबरी मुठीवर मी अजून जळतो, पण आता वेगळ्या कारणाने. तिने पहिल्याच दिवशी दिलेला आराम मला बावीस वर्षांत देता आला नाही.

चाकू घ्याल तेव्हा पोलाद जरूर पारखा, पण मूठही घटकाभर धरून बघा. आणि घरात जो हात राबतो, त्याला दुखते का, हे तुम्हीच विचारा. तो आपणहून सांगत नाही.