हॅरल्ड विनकॉटचा उजेड

रोममधल्या त्या फिल्म क्लबने ओत्ताविओ ब्रेशानीला बोलवायला नको होतं, आणि बोलावलं तरी त्याने जायला नको होतं. पण 'विधवेची विहीर' या वीस वर्षांपूर्वीच्या भुताच्या सिनेमाचे गुणदोष सांगायचे होते, आणि दोष सांगायची संधी तो सोडतोय कसला! सिनेमा त्याच्या जुन्या दोस्ताचा, नेव्हिओचा. भाड्याच्या एका पडक्या बंगल्यात बारा दिवसांत उरकलेला. आता पोरंटोरं त्याला अभिजात म्हणू लागली होती आणि ओत्ताविओच्या पोटात दुखत होतं. त्याने स्वतः दोन वर्षं खपून मिठागरातल्या मजुरांवर सिनेमा काढला, तो चार दिवस चालला होता.

यात एक मेख होती. 'विधवेची विहीर'चा कॅमेरा ओत्ताविओनेच चालवला होता, उजेडही त्यानेच लावला होता. त्या काळी इटालियन माणसाने काढलेल्या भुताला इटलीत कुत्रं विचारत नसे, म्हणून सगळेच पडद्यावर इंग्रजी नावं लावायचे. बाकीच्यांनी ती गंमत पुढे हसत हसत सांगून टाकली. ओत्ताविओ मात्र हॅरल्ड विनकॉट झाला तो कायमचा. असल्या थिल्लर कामाला आपलं नाव चिकटू नये, म्हणून त्याने नेव्हिओला आईची शपथ घातली होती. आज मात्र नेव्हिओने ती शपथ मोडावी, अशी आस त्याला लागली होती.

सिनेमा संपला. ओत्ताविओने खिशातून यादी काढली.

"वटवाघळाची दोरी दिसते. एकच दरवाजा तीन खोल्यांना वापरलाय. नायिकेचे ओठ मिटल्यावर तिचा आवाज येतो. आणि शवपेटीतला मेलेला काउंट चक्क शिंकतो."

"शिंकत नाही रे, खोकतो!" पहिल्या रांगेतून नेव्हिओ ओरडला. "ओला पेंढा जाळून धुकं केलं होतं, मेलेला माणूससुद्धा खोकला असता! आणि घोडा विसरलास की. जाताना काळा, येताना पांढरा!"

सभागृह खदखदून हसलं. ओत्ताविओच्या अंगाचा तिळपापड झाला. तो एकेक उणं काढत होता आणि लोक त्या उण्यांसकट सिनेमा कुरवाळत होते. माझ्या मिठागराच्या सिनेमात एकही चूक नाही, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटलं.

"आणि गुण?" क्लबच्या लोरेदानाने विचारलं.

"एकच. जिन्यावरचा प्रसंग." त्याचा आवाज खाली आला. विधवा मेणबत्ती घेऊन उतरते. चार मिनिटं ना शब्द, ना संगीत, आणि तिच्यामागे भिंतीवरचा अंधारही एकेक पायरी उतरतो. "तसा उजेड मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिला नाही."

"मी तेवढ्यासाठी चौदा वेळा पाहिलाय," लोरेदाना म्हणाली आणि नेव्हिओकडे वळली. "मास्तर, हा हॅरल्ड विनकॉट कोण होता हो?"

ओत्ताविओचे कान तापले. सांग, गाढवा, सांग. नेव्हिओने त्याच्याकडे पाहिलं आणि घाबरू नकोस म्हणावं तसा छातीवर हात ठेवला.

"अमेरिकन होता," नेव्हिओ म्हणाला. "भला माणूस. गेला बिचारा."

ओत्ताविओ खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच थबकला. आत्ताच तर त्याने भरसभेत त्या उजेडाची स्तुती केली होती. हात दाखवून अवलक्षण! आता 'तो मीच' म्हटलं, तर म्हातारा जळतोय म्हणून लोक हसतील, आणि ते खोटंही नव्हतं.

"तुम्ही ओळखत होतात त्यांना?" लोरेदानाने ओत्ताविओकडे वळून विचारलं.

"थोडंफार. फार गर्विष्ठ होता."

"असू दे की! असं काम करणाऱ्याने गर्व करायचा नाही, तर कुणी करायचा?"

ती उभी राहून टाळ्या वाजवू लागली, मग सगळं सभागृह उठलं. नेव्हिओ डोळे पुसत टाळ्या वाजवत होता. वीस वर्षं ओत्ताविओने या दोस्ताचा हेवा केला होता. पण कधी जन्मालाच न आलेल्या त्या अमेरिकनाचा हेवा त्याला सोसवेना, आणि सगळे उभे आहेत म्हणून त्यालाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.