हिवाळ्यात मला बाहेर काढू नका

हो, मीच बोलतेय. हॉर्न वाजत नाही, म्हणून तोंडाने बोलावं लागतंय. बिदरला निवृत्त इंजिनिअर नरहररावांच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली जी बुटकी, हिरवी, दोनच माणसांची विलायती गाडी उभी असते ना, ती मी. मला टप नाही. म्हणजे होता, मेणकापडाचा होता, पण तो उंदरांनी खाल्ला. तेव्हापासून माझं डोकं उघडंच असतं.

येणारा-जाणारा मला पाहून थांबतो आणि ठरलेले दोन प्रश्न विचारतो. “ॲव्हरेज किती देती?” आणि “किती जण बसतेत?” नरहरराव पहिल्याचं उत्तर खोटं देतात, दुसऱ्याचं खरं. मग तो म्हणतो, “दोघंच? मग काय कामाची!” आणि एवढं बोलून माझ्याच अंगाला टेकून फोटो काढून घेतो. आता यावर राग येऊ नये म्हणता?

माझा जन्म इंग्लंडातला. थंड देशात जन्मले म्हणून थंडी मला सोसते, असा इकडे सगळ्यांचा समज. अहो, तिकडेसुद्धा हिवाळा लागला की मला गॅरेजमध्ये घालून वर पांघरूण टाकायचे आणि चैत्र उगवल्याशिवाय कुणी हात लावायचं नाही. पण हे सांगणार कुणाला? जहाजातून मुंबईला आले, तिथून हैदराबादला एका डॉक्टरांकडे. डॉक्टर भले माणूस. संध्याकाळी हवा खायला न्यायचे आणि फडक्याने स्वतः पुसायचे. ते गेले आणि माझे दिवस फिरले. हातोहाती फिरत मी बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात येऊन पडले. वर सिमेंटचे पत्रे, खाली मी, आणि माझ्या डाव्या सीटवर एका मांजरीचं बाळंतपण. एकदा नाही, दरवर्षी.

तिथून मला नरहररावांनी उचललं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

नरहरराव आयुष्यभर सरकारी रस्ते बांधत हिंडले. निवृत्त झाले आणि रस्ते संपले. घरात बोलायला कोणी नाही असंही नाही, पत्नी वृंदाबाई आहेत. पण मुलगी विभा लग्न होऊन पुण्याला गेली, तसं हे दिवाणखान्यात पेपर वाचतात आणि त्या आत टीव्ही बघतात. “चहा ठेवू का?” “ठेव.” एवढं बोलणं झालं की दिवस बुडतो. अंगणातून मला सगळं ऐकू येतं, म्हणजे काहीच ऐकू येत नाही.

मला दुरुस्त करायला कमठाण्याचा योगीराज आला. योगीराज ट्रॅक्टरचा मिस्त्री. माझं बॉनेट उघडून बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, “अण्णा, ह्याच्यात बसंल ते बसवतो.” आणि बसवलं. आज माझ्या पोटात ट्रॅक्टरचा डायनामो आहे, पंपाचा पट्टा आहे आणि कुठल्याशा पिठाच्या गिरणीचा एक बोल्टही आहे. एवढं करून मी चालले, हे माझं मोठेपण. त्याचं कुणाला काही नाही.

तर गोष्ट हिवाळ्याची. उन्हाळ्यात मी उकळते, पावसाळ्यात गळते, हिवाळ्यात गारठते. यातल्या त्यात हिवाळा बरा, असं नरहररावांचं मत. बिदरची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल. पहाटे पठारावर वारा असा सुटतो की कुत्रीसुद्धा चुलीची राख सोडत नाहीत. अशा वेळी हे माकडटोपी, मफलर, स्वेटर घालून येतात, चोक ओढतात आणि मला हलवून हलवून उठवतात. स्वतःला एवढे कपडे, आणि मला टपसुद्धा नाही!

आणि दरवर्षीचा त्यांचा हट्ट एकच. येळवशीला राजेश्वर गावच्या रानात जायचं ते माझ्यातूनच.

येळवस म्हणजे आमच्याकडचा मोठा सण. मार्गशीर्षातल्या अमावास्येला बाजार बंद, रस्ते ओस, झाडून सगळे रानात. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची. मग ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आंबवलेली आंबील “ओलगे, ओलगे!” म्हणत पिकावर शिंपडायची. तो चरग. आणि मग पालेभाज्या-डाळींची भज्जी, भाकरी आणि आंबील पोटाला तडस लागेपर्यंत. नरहररावांचं राजेश्वरला रान आहे. ते लिंगाप्पा आणि त्याची बायको सुगंधाबाई बघतात. पण घरची आंबील घेऊन जायची ती वृंदाबाईंनीच.

आणि दरवर्षी काय होतं? मी वाटेत कुठेतरी बंद पडते. वृंदाबाई आंबिलीची बिंदगी, म्हणजे छोटी घागर, मांडीवर धरून कुणाच्यातरी ट्रॅक्टरवर चढतात, आणि रानात पोचतात तेव्हा पूजा होऊन लोक सुपारी कातरत बसलेले असतात.

यंदा वृंदाबाईंनी निकाल लावला. हुमनाबादच्या पुढे शिवय्यांचा धाबा आहे. ते मागच्या महिन्यात मला बघून गेले होते. मला दोन खांबांवर चढवून धाब्याच्या दारात टांगायचं, डोळ्यांत लाल-निळे दिवे बसवायचे, असा त्यांचा बेत. खांब उभेही करून ठेवले होते. वृंदाबाई नरहररावांना म्हणाल्या, “अहो, ऐकायलाव का? ह्या येळवशीला पूजेच्या आधी मला रानात नेऊन सोडा. पोचलाव तर गाडी तुमची. न्हाई पोचलाव तर शिवय्याला देऊन टाका. मला दरसाल लोकाच्या ट्रॅक्टरवर चढायचं होत न्हाई आता.”

नरहररावांनी पेपरात तोंड घातलं. पेपर मात्र उलटा धरला होता.

आता मला सांगा, मला काय वाटलं असेल? खांबावर टांगून घ्यायचं, डोळ्यांत दिवे लावून घ्यायचे, आणि खाली लोकांनी तंदुरी खात “ॲव्हरेज किती देती?” विचारायचं! त्यापेक्षा ती मांजर बरी होती. मी मनाशी ठरवलं की यंदा काहीही झालं तरी बंद पडायचं नाही. जन्मात पहिल्यांदा मी आणि नरहरराव एका मताचे झालो.

आणि तिथेच घात झाला. आदल्या संध्याकाळी त्यांना माझी दया आली. लिंगाप्पाच्या घरची घोंगडी होती, धनगराच्या हातची, जाड, काळीभोर. तिचा अर्धा तुकडा त्यांनी माझ्या नाकातल्या जाळीमागे, रेडिएटरवर नीट खोचून बसवला. लेकराला कानटोपी घालावी तसा. मी खोटं बोलणार नाही, बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणी मला घोंगडी पांघरली नव्हती.

सकाळी पहिल्याच झटक्याला सुरू झाले. नरहरराव मुलासारखे ओरडले, “बघ! बघ, झाली का न्हाई सुरू!” वृंदाबाई माझ्यात येऊन बसल्या. पायाशी दोन स्टीलच्या बिंदग्या, एकीत आंबील, एकीत माझ्यासाठी पाणी. हिंदकळू नयेत म्हणून दोन्ही उरलेल्या घोंगडीत गुंडाळलेल्या. निघताना त्यांनी विचारलं, “ते नाकातलं काढलाव का?” माकडटोपीवरून मफलर गुंडाळलेला माणूस काय ऐकणार? त्यांनी मान डोलावली. पुढे भालकीचा फाटा मागे टाकल्यावर पुन्हा विचारलं. पुन्हा मान डोलावली.

आणि माझा हॉर्नही वाजत नाही! माझ्या नाकाला घोंगडी, वारा आत यायला वाट नाही, ऊन चढायला लागलेलं, आणि हा मनुष्य खुशीत शीळ घालतोय. काटा चढतोय तो बघेना. मी खोकले, आचके दिले, सायलेन्सरमधून आवाज काढले. ते म्हणाले, “आज लई जोमात आहे!”

हुमनाबाद ओलांडलं. धाबा आला. दारातले ते दोन खांब मला दिसले, आणि नेमक्या त्याच जागी माझा दम सुटला. बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला आणि मी रस्त्याच्या कडेला, धाब्याला लागून असलेल्या तुरीच्या रानाशी जाऊन थांबले. डोक्याला हात लावायला मला हातही नाहीत.

नरहरराव उतरले. बॉनेट उघडलं, फडक्याने रेडिएटरचं टोपण फिरवलं, तशी वाफ फस्सकन तोंडावर आली. चष्मा पांढरा झाला. “पाणी! पाणी दे!” म्हणत त्यांनी स्वतःच चाचपडत पायाशी हात घातला, हाताला लागली ती बिंदगी उचलली आणि ओतली. सगळी. शेवटच्या थेंबापर्यंत.

“अहो!” वृंदाबाई किंचाळल्या. “अहो, ती आंबील हाय!”

मी ती चव सांगत नाही. ताक, ज्वारी, लसूण आणि वर हिरवी मिरची. पोटात खळखळ झाली आणि तोंडातून फेस आला तो थेट नरहररावांच्या मिशीवर. जाळीतून घोंगडीचं टोक बाहेर लोंबत होतं. ते दोघांनाही एकदमच दिसलं.

आता भांडण होणार, असं मला वाटलं. वृंदाबाई बघत राहिल्या. त्या मिशीकडे, त्या पांढऱ्या चष्म्याकडे, त्या घोंगडीकडे. आणि हसायला लागल्या. हसता हसता माझ्या मडगार्डवर बसल्या. पदर तोंडाला लावला तरी हसू आवरेना.

नरहरराव हसले नाहीत. त्यांनी लिंगाप्पाला फोन लावला. पलीकडून तो म्हणाला, “घोर करू नका अण्णा. हिनं बी आंबील केलीया. पूजा आमी करताव, तुमी सावकाश या.” फोन खिशात ठेवून ते माझ्या दाराशी रस्त्यावरच बसले. म्हणाले, “हरलो. किल्ली घे.”

वृंदाबाईंनी किल्ली घेतली. म्हणाल्या, “एक सांगा. दरसाल बंद पडती, तरी हिच्यातूनच न्यायचा हट्ट कामून?”

ते चष्मा पुसत म्हणाले, “विभा गेल्यापासून घर खायला उठायलंय. तू आत, मी बाहेर. हिच्यात दोनच जागा आहेत. तिसरीकडं जाऊन बसता येत न्हाई.”

“मग हे आधी कामून न्हाई सांगितलाव?”

“घरात सांगायचं कसं?”

मी रागावलेली होते, पोटात आंबील खदखदत होती, पण तेव्हा मात्र गप्प बसले. उन्हात दोघं माझ्या अंगाला टेकून बसली आणि बोलत राहिली. औरादची पहिली बदली, तिथलं भाड्याचं घर, विभाचं रडणं, नंतर कुणाकुणाचं काय झालं. एवढं बोलणं मी त्या अंगणात कधी ऐकलं नव्हतं.

तुरीतून हाक आली. यल्लम्मा म्हणून एक म्हातारी, रानाची मालकीण. फेसाळलेलं माझं तोंड बघून तिने गालावर बोट ठेवलं. “अगं बाई! गाडीला चरग घातलाव का? चला, कोपीकडं चला. येळवशीला रानाच्या कडंला आलेलं माणूस उपाशी जाईत नसतंय.” नको नको म्हणता तिने दोघांना नेलं.

आणि कोपीत जेवत कोण बसलं होतं? शिवय्या! धाबा बंद ठेवून तेही शेजारच्या रानात जेवायला आलेले. हात धुऊन ते माझ्याकडे आले, चहूबाजूंनी फिरले, खांबांकडे बघितलं. मागून नरहरराव मान खाली घालून येत होते, शेजारी वृंदाबाई.

“वैनी,” शिवय्या म्हणाले, “ट्रॅक्टर हितंच हाय. बोलल्यापरमाणं लावू का दोर?”

मी डोळे मिटले असते, पण दिवे मिटत नाहीत.

वृंदाबाईंनी किल्ली मुठीत घट्ट धरली होती. म्हणाल्या, “दोर लावा अण्णा. पण धाब्याकडं न्हाई, राजेश्वरला घेऊन चला. गाडी द्यायची न्हाई.”

“अहो वैनी, पण ही तर बंद पडती!”

“चालती असती तर दिली असती. बंद पडती म्हणूनच ठेवून घ्यायलाव.”

शिवय्यांना काही कळलं नाही. नरहररावांना कळलं. ते माझं टोपण लावायला वाकले ते बराच वेळ वर उठले नाहीत.

आता मी पुन्हा शेडखाली आहे. योगीराजने मला धुतलं, पण इंजिन अशी आंबील विसरत नाही. तापले की अजून लसणाचा वास येतो आणि गल्लीतली मांजरं गोळा होतात. त्या मेल्या खांबांवर शिवय्यांनी प्लास्टिकचं विमान चढवलंय म्हणे.

नरहरराव, एवढं ऐकाल का? निघायच्या आधी माझ्या नाकातली घोंगडी काढत जा. बायको विचारते तेव्हा टोपी वर करून ऐकत जा. आणि हिवाळ्यात मला बाहेर काढू नका, असं मी शंभरदा म्हटलं असेल, पण तुम्ही काढणारच. गेल्या रविवारी काढलंतच. तेव्हा माझ्यापुरतं मी एक ठरवून टाकलंय. बंद तर पडायचंच आहे. मग तुम्ही दोघं बसाल, बोलाल, असं चांगलं ऊन बघून बंद पडते.