मान सुटेपर्यंत

मान सुटत नव्हती.

खुर्चीत रेललेल्या मॅडमचं डोकं धाकटीने मागून दोन्ही तळव्यांवर धरलं होतं; पण त्या तळव्यांत अजून काहीच उतरत नव्हतं. डोकं हातांत होतं आणि त्याचा भार मात्र मालकिणीपाशीच होता. भिंतीपलीकडे भावोजींच्या लाँड्रीत इस्त्रीची वाफ अधूनमधून सुस्कारा टाकी आणि गप्प होई. एरवी खोलीत होती ती फक्त शांतता, दोघींनी दोन टोकांना ताणून धरलेल्या ओल्या चादरीसारखी.

"झालं का?" मॅडमनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"अजून नाही."

"काय अजून नाही? तू काही करतच नाहीयेस."

"मान सुटली नाही तुमची."

"अगं, मान आहे ती. सुटली तर पंचाईत होईल."

धाकटी हसली नाही. तिचा तेवढा एकच नियम होता आणि तो तिने कुणासाठी मोडला नव्हता. मान सुटेपर्यंत तेल नाही, लेप नाही, रंग नाही. रात्रपाळी करून येणाऱ्या नर्सची मान खुर्चीत बसताबसताच सुटे. आजारपणात भुवया गेलेल्या शिक्षिकेला सुरुवातीला अख्खी दुपार लागली होती; त्या दिवशी ती काहीच न करून घेता उठून गेली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. निवृत्त बसड्रायव्हर दाढी कोरून घ्यायला येई, तो म्हणे, "बाई, गाडी न्यूट्रलला आली की सांगा."

मॅडमची गाडी मात्र उभ्याउभ्याही वरच्या गियरमध्ये होती.

मॅडम म्हणजे शहरातल्या सर्वांत मोठ्या पार्लरच्या मालकीण. धाकटीचं सगळं तरुणपण त्यांच्या हाताखाली सरलं होतं. आज सकाळी त्या न सांगता आल्या. खिडकीतून धाकटीने त्यांना गाडीतून उतरताना पाहिलं. त्यांनी गाडीच्या काचेत स्वतःला पाहिलं, मग समोरच्या चष्म्याच्या दुकानाच्या लांबलचक काचेत पाहिलं, भांगाशी बोट नेलं, आणि मगच रस्ता ओलांडला. ती जुनी सवय होती. काच दिसली आणि मॅडम थांबल्या नाहीत, असं पार्लरमधल्या एकाही मुलीला आठवलं नसतं.

आत येऊन त्यांनी खोलीभर नजर फिरवली होती. पूर्वी ही लाँड्रीची इस्त्रीची खोली होती. खळीचा वास अजून भिंतीत मुरलेला होता. एक खुर्ची, तीही खिडकीकडे तोंड केलेली. पाण्याचं तसराळं. फळीवर तेलाच्या बाटल्या आणि मेणात रंग घोटून धाकटीने स्वतः बनवलेल्या छोट्या डब्या, ओल्या विटेच्या रंगापासून जांभळाच्या सालीपर्यंत.

"आरसा कुठाय?"

"नाही."

"पार्लरला आरसा नाही?"

"पार्लर नाहीये मॅडम हे. खणात हातातला एक आहे. जाताना कुणी मागितला तर देते."

मॅडम मग सरळ मुद्द्यावर आल्या होत्या. नवी शाखा निघत होती. सगळा वरचा मजला धाकटीच्या हाती देणार होत्या. मुली तिने निवडायच्या, रंग तिने ठरवायचे, पाटीवरही तिचं नाव. धाकटीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आलाच आहात तर बसा." मॅडम उपकार केल्यासारख्या बसल्या. तेव्हापासून ही मान आणि हे दोन तळवे.

"पाणी निवलं," धाकटी म्हणाली. तिने डोकं हलकेच उशीवर टेकवलं आणि तसराळं उचलून ती लाँड्रीत गेली.

ताई गिऱ्हाइकांच्या घड्या बांधत होती. तिने बहिणीला बॉयलरपाशीच गाठलं.

"हो म्हणालीस ना?"

"नाही अजून."

"अजून म्हणजे? बाई स्वतः चालत आलीय तुझ्या दारात!"

"गाडीनं आलीय," भावोजी इस्त्रीवरून नजर न उचलता म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो! अगं, पूर्ण मजला देतेय ती. इथे किती दिवस लोकांची डोकी चोळत बसणार तू? तुझ्या हातात रंग होता. लोक नाव काढायचे."

"रंग अजून आहे, ताई."

"मग ओठ का नाही करत कुणाचे? ती नर्स बिचारी दोनदा मागून गेली. गाल करतेस, डोळे करतेस, ओठांशी आलं की तुला पाणी गरम करायचं असतं."

धाकटीने नळ सोडला. ताईचं बोलणं असंच असे: माया असे, पण इस्त्रीच्या टोकासारखी नेमक्या चुणीत शिरणारी.

"मेहुणीबाई," भावोजी म्हणाले, "मी कपड्यांच्या सुरकुत्या काढतो, तू माणसांच्या. माझं एक सांगू? कापड जळायला लागलं की आधी वास येतो. मागच्या वेळी आम्हा सगळ्यांना आला होता आणि आम्ही म्हटलं, शेजाऱ्यांकडून येत असेल. या वेळी तुझं तू हुंग."

ताईने घडीवरची गाठ सोडली आणि विनाकारण पुन्हा बांधली.

मागची वेळ. त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नसे. बोलायला शब्द कमी पडत म्हणून नव्हे, तर घडलेली गोष्ट इतकी लहान होती की तिच्याभोवती शब्द गोळा केले तर तेच मोठे दिसले असते. लग्नांचा हंगाम होता. एका खुर्चीतून उठणाऱ्या नवरीच्या जागेवर दुसरी नवरी येत होती आणि धाकटी पहाटेपासून उभी होती. मेकअप करणारी बाई चेहऱ्याकडे कमी आणि आरशाकडे जास्त बघते. आरशातल्या चेहऱ्यावर चूक दिसते आणि हात खऱ्या चेहऱ्यावर ती दुरुस्त करतो. वर्षानुवर्षं हे इतक्या वेगाने चालतं, की मधली वाट कधी पुसून गेली ते हाताला कळत नाही. त्या दिवशी एका नवरीचे फक्त ओठ राहिले होते. धाकटीने ब्रश भरला, श्वास रोखला, आणि रेषा न चुकवता, कोपरे नीट वळवून, सबंध ओठ रंगवले. काचेवर.

मुली हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. नवरीसुद्धा हसली, आणि तिच्या हसण्याबरोबर आरशातला चेहरा हलला, पण काचेवरचे ओठ जागचे हलले नाहीत. धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. मागून मॅडमचा आवाज आला, "काच पूस आणि पुढची घे." ब्रश तिच्या हातून खाली पडला, आणि त्यानंतर कितीतरी काळ तिच्या हातांनी काहीच उचललं नाही.

ताईने तिला आपल्या घरी आणलं. ती भिंतीकडे तोंड करून निजून राही. जेवण म्हणजे कष्ट, अंघोळ म्हणजे डोंगर. डॉक्टर म्हणाले, विश्रांती. पण झोप आणि विश्रांती या दोन वेगळ्या गावच्या बायका आहेत हे तिला तेव्हा कळलं. मग एकदा ताईचा हात इस्त्रीने भाजला आणि तिचे केस धुवायला कुणी उरलं नाही. धाकटी उठली. आरशाविना, घाईविना, तिने बहिणीचं डोकं हातांवर घेतलं आणि काय करायचं ते न सुचून तशीच थांबली. थांबल्या थांबल्या एका क्षणी ते डोकं जड झालं. ताईची मान सुटली होती. ताई झोपली होती. एवढा मोठा भार इतक्या विश्वासाने तिच्या हाती कुणी कधी दिला नव्हता. तिथून सगळं सुरू झालं: आधी पाणी, मग तेलं, मग शिक्षिकेच्या गेलेल्या भुवया बोटांनी चाचपून एकेका केसाएवढ्या रेषेने परत आणणं. रंग परतला, पण वाटेत ओठांपाशी थबकून उभा राहिला.

ती तसराळं घेऊन आली तेव्हा मॅडम तशाच होत्या, बसल्याबसल्या उभ्या.

"काय म्हणाली बहीण?"

"हो म्हण म्हणाली."

"शहाणी आहे." मॅडम थांबल्या. "बाहेर काय बोलतात माहितीये ना? तुझा हात गेला म्हणतात. डोकी धुते म्हणतात. मी तुला तो हात परत मिळवून देतेय."

धाकटीने गरम पाण्यात तळवे बुडवले, निथळले, पुसले आणि पुन्हा ते डोकं धरलं. केसांच्या मुळाशी, कानामागे, मॅडमची कातडी ताणलेल्या तारेसारखी थरथरत होती. हा थरथराट तिला पाठ होता. तो तिने स्वतःच्या अंगात अनेक वर्षं वागवला होता आणि त्याला उत्साह म्हटलं होतं.

"मी येणार नाही, मॅडम," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. नकार असा निघाला जसा धुतलेल्या केसांतून शेवटचा फेस निघतो, आणि मग पाणी स्वच्छ येतं.

"विचार कर."

"केला. पाणी गरम होईपर्यंत केला."

"पाटीवर नाव असेल तुझं."

"इथे पाटीच नाही, तरी लोक येतात. तुम्हीसुद्धा आलात."

पलीकडे वाफेने सुस्कारा टाकला. आता मागायचं काही उरलं नव्हतं, पटवायचं काही उरलं नव्हतं. मग आधी उजवीकडून, मग डावीकडून, दोर सैल सोडत कुणी होडी पाण्यात लोटावी तसं मॅडमचं डोकं हळूहळू जड होत गेलं, आणि एका क्षणी ते सगळं, सगळ्या शाखांसकट, धाकटीच्या तळव्यांत उतरलं.

मान सुटली होती.

धाकटी त्यांचे केस धुऊन निथळत होती तेव्हा मॅडम बोलल्या. आवाज त्यांचा नव्हता, निदान पार्लरमध्ये कधी ऐकलेला नव्हता. "परवा एक नवरी होती समोर. हातात कापूस होता माझ्या. आणि मला आठवेचना, की मी रंग लावतेय का पुसतेय. तशीच उभी राहिले. ती पोरगी म्हणते, मॅडम, बरं वाटत नाहीये का?"

"मग?"

"मग काय. म्हटलं, डिझाइनचा विचार करतेय." त्या किंचित हसल्या. "तुझी ती काच मीच पुसली होती शेवटी. निघता निघेना. चांगल्या प्रतीचा माल वापरायचे मी तेव्हा."

धाकटीही हसली, आवाज न करता, पण तळव्यांतून ते हसू मॅडमना कळलं असावं.

"रंग लाव," मॅडम म्हणाल्या. "सगळा. ओठसुद्धा."

धाकटीचे हात थांबले. पाणी गरम होतं. ताई पलीकडे होती, भावोजी होते, हाक मारण्याजोगं पुष्कळ काही होतं. तिने कुणाला हाक मारली नाही. तिने आधी मॅडमचा चेहरा बोटांनी वाचला: कपाळावरची करारी घडी, गालाचं हाड, हनुवटीपाशी वयाने सोडलेली ढिलाई. पार्लरमध्ये त्या ढिलाईवर गडद रंगाची सावली टाकत आणि ती लपवत. धाकटीने ती तशीच राहू दिली. गालांवर तिने पिकल्या फळाच्या आतल्या बाजूचा रंग दिला, पापण्यांवर नुसता ओलावा. मग तिने फळीवरून विटकरी रंगाची डबी घेतली. ब्रश घेतला नाही. करंगळीशेजारचं बोट मेणावर फिरवलं, मेण ऊब लागून मऊ झालं, आणि तिने ते बोट मॅडमच्या ओठांवर टेकवलं.

ओठ गरम होते.

एवढी साधी गोष्ट होती ती. काच गार असते आणि ओठ गरम असतात, आणि त्या दिवशी तिच्या हातात मध्ये ब्रशचा लांब दांडा होता म्हणून तिला ते कळलं नव्हतं. बोटाखाली श्वास होता. कोपऱ्याशी एक बारीक शिरशिरी होती. ओठांनी बोटाला उत्तर द्यावं तसं सगळं हलत होतं, आणि त्या हलण्याबरोबर तिची रेषा जात होती. न रोखलेल्या श्वासाने, चुकायची भीती न बाळगता. वरचा ओठ झाला. खालचा झाला. कडा तिने पुसट ठेवल्या, कारण कुठल्याच माणसाच्या कडा इतक्या ठाम नसतात.

तिने बोट उचललं. उद्या नर्सला निरोप धाडायचा, तिच्या मनात आलं: या म्हणावं, ओठ करते.

मॅडमनी डोळे उघडले. समोर खिडकी होती, रस्ता होता, ऊन होतं, आणि त्या उन्हाकडे त्या अशा पाहत राहिल्या, की आपण कशा दिसतो ते नव्हे, तर ते ऊन आपल्याला कसं दिसतंय एवढंच जणू पाहण्यासारखं होतं. मग त्या उठल्या. पदर सारखा केला, पर्स खांद्याला लावली. ओले केस पाठीवर तसेच होते.

धाकटीने खण उघडला. पालथा ठेवलेला आरसा काढला, फडक्याने पुसला आणि पालथाच पुढे धरला.

"बघायचंय, मॅडम?"

मॅडमनी आरशाच्या पाठीकडे पाहिलं, मग तो धरणाऱ्या हाताकडे; त्या हाताकडे जरा जास्त वेळ. मग त्या वळल्या आणि पायऱ्या उतरून रस्त्यात आल्या. चष्म्याच्या दुकानाच्या लांबलचक काचेवरून ओल्या केसांची एक बाई सावकाश सरकत गेली, आणि मॅडमनी तिच्याकडे मान वळवली नाही.