गेल्या वर्षी एका छताखाली

लॉर्नाचे पाय गेले आणि पुढं आमचं लग्नही गेल्यासारखंच झालं. घटस्फोट नाही घेतला. मी भावाच्या ट्रेलर-घरात, ती आमच्या घरी. अपंगत्वाचे तिचे सरकारी पैसे खूप काळ अडकले होते, ते गेल्या वर्षी एकदम आले. त्यातूनच ट्रिशला पगार. ट्रिश सकाळ-संध्याकाळ येते, तिला उठवते, आंघोळ घालते.

आमच्याकडे मार्चमध्ये लायब्ररीत टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देतात. टेबलापाशी मिस ओपल. शाळेत आम्हा दोघांना तिनंच गणित शिकवलेलं.

"नवरा-बायकोचा फॉर्म एकत्र भरायचा की वेगवेगळा?"

"वेगवेगळा," लॉर्ना म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

"मग बाळांनो, एक विचारावंच लागतं. गेल्या वर्षी कधीही एका छताखाली राहिलात? नसाल, तर लॉर्ना, तुझ्या पैशांना फारसा धक्का नाही. राहिला असाल, तर त्यातल्या बऱ्याचशावर टॅक्स बसेल."

"नाही राहिलो," लॉर्ना.

"तू सांग, डॅरल. तुझ्या फॉर्मवरही हेच लागतं."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बर्फाचं वादळ आलं होतं. तारा तुटल्या, ट्रिशचा रस्ता बंद. मी रॉकेलचा हीटर घेऊन लॉर्नाकडे गेलो आणि तिथंच राहिलो. कपडे नेले, बूट नेले. वीज आली तरी निघालो नाही, आणि तिनंही जा म्हटलं नाही. माझा करपलेला मक्याचा ब्रेड खाऊन हसायची. मार्चमध्ये एकदा कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा निघालो.

नाही म्हणायला काय जात होतं? पण ते दिवस झालेच नाहीत असं लिहून खाली सही करायची? नंतर माझ्याकडे उरलं काय असतं?

"राहिलो," मी म्हणालो. "तीनेक आठवडे."

"तोंड बंद ठेवता येत नाही तुला?" लॉर्ना किंचाळली. मासिकं चाळणारा म्हातारा वळून बघायला लागला.

मिस ओपलनं चष्मा काढला. "अगं, मग एकत्र भरा. कमी बसेल. फक्त, एकमेकांच्या आकड्यांना दोघंही जबाबदार."

मला वाटलं, देवच पावला. एकाच कागदावर दोघांची नावं!

लॉर्नानं चाकाची खुर्ची माझ्याकडे वळवली. "छपरं शाकारायची रोखीची कामं केलीस ना? ती धरलीस यात?"

मी फॉर्मची पानं चाळू लागलो.

"डॅरल?"

"थोडीच होती गं."

"वेगवेगळा," ती मिस ओपलला म्हणाली. "बसू दे टॅक्स."

"लॉर्ना, नीट विचार कर. फार मोठा आकडा आहे हा."

"केला."

तिनं तिथंच फोन काढला. "ट्रिश? पुढच्या महिन्यापासून फक्त सकाळी ये गं. संध्याकाळचं नाही परवडणार आता."

"अगं, मग संध्याकाळी तुला पलंगावर कोण ठेवणार?" मी विचारलं. "मी येतो ना. रोज येतो. पैसे नको, काही नको."

"खुर्चीतच झोपेन," ती म्हणाली, आणि सही करायला पेन मागितलं.